धारेची वेळ

आमच्या घरात गजराचं घड्याळ पहिल्यांदा आलं ते माझ्या दहावीच्या वर्षी. त्याआधी घराला उठवायचं काम मांजराकडं होतं आणि घड्याळ आल्यावरही ते मांजराकडंच राहिलं. घड्याळाला रात्री किल्ली द्यायची आठवण कुणाला राहत नसे. मांजराला किल्ली लागत नाही. भूक लागली की ते आपोआप वाजतं.

आमचं गाव माण तालुक्यात, म्हसवडच्या अलीकडं. गाव कसलं, वाडीच. चाळीस-पन्नास उंबरा. आमच्याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वराला पाऊस नुसता कोसळत असतो, पण आमच्याकडं येईस्तोवर ढग रिकामे झालेले असतात. माणगंगा आहे, पण तिच्यात पाण्यापेक्षा वाळूच जास्त. शेती शाळूची नि बाजरीची, तीही वरच्याच्या मर्जीवर. त्यामुळं घर खरं चालायचं ते दुधावर. दावणीला कायम दोन म्हशी. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी व्हायचं, त्यातून पेंड वजा जाऊन जे राहील त्यावर मीठमिरची, आमच्या वह्या, आलागेला पाव्हणा.

म्हशीच्या दोन धारांत बारा तासांचं अंतर राखावं लागतं. संध्याकाळी साडेचारला काढली की पहाटे साडेचारला काढायचीच. वेळ चुकली की कास ताठते, जनावर अस्वस्थ होतं, आणि चारदोनदा चुकली की दूधच कमी होतं. त्यात सकाळी सहाच्या आत डेअरीत कॅन पोचला पाहिजे. म्हणजे पहाटे चारला उठायचं, आंबोण कालवायचं, कास धुवायची, आणि मग चरवी घेऊन बसायचं. धारा आई काढायची. अण्णांचा हात कडक, म्हशी त्यांना पान्हा सोडत नसत. चारला आईला उठवायचं, ते मनीनं.

आमच्याकडच्या सगळ्या मांजरींचं नाव मनीच. एक गेली की तिची लेक मनी व्हायची. आता सांगतोय ती मनी कबरी होती, पांढरी, काळी नि तांबडी अशी तीन रंगांची. तीन रंगांचं मांजर जवळजवळ नेहमी मादीच असतं, हे मला पुस्तकात वाचून कळलं, आई म्हणाली, "त्यात वाचायचं काय हाय? कबरा बोका कुणी बघितलाय का?"

मनीची उठवायची रीत ठरलेली होती. आधी उशाशी येऊन बसायचं नि घुरघुरायचं. दिवसा चुलीपाशी पडून घुरघुरायची तसं नव्हे. ह्या घुरघुरीत मधेच एक बारीक कळवळा असायचा. तेवढ्यानं आई उठली नाही तर मिशा गालाला लावायच्या. मग नखं आत ओढून घेतलेला पंजा नाकावर ठेवायचा. नुसता ठेवायचा, मारायचा नाही. आईनं वाकळ तोंडावर ओढली की पंजा वाकळेवर, आता नखं थोडी बाहेर. आणि हेही चाललं नाही तर मनी फळीवर चढायची आणि तिथली जर्मनची ताटली पंजानं हळूहळू कडेला सरकवायची. ताटली पडेस्तोवर ती आईकडंच बघत असायची. ताटली पडली की अख्खं घर जागं, आणि अण्णा मांजराच्या आईबापाचा उद्धार करायचे. आईला ते नको असायचं, म्हणून ती पंजाच्या पायरीलाच उठायची.

"आगं थांब की मने. काय जीव चाललाय का तुझा?" असं पुटपुटत आई कंदील घेऊन गोठ्यात जायची. मनी पुढं, शेपूट उभी. आई धारेला बसली की मनी दोन हातांवर, अगदी मोजून बसल्यासारखी. चरवीत पहिला फेस आला की आई एक सड तिच्याकडं वळवायची. पांढरी तार हवेतून जायची नि मनी तोंड उघडून ती झेलायची. निम्मी तोंडात, निम्मी मिशांवर. आम्ही पोरं हे बघायला मुद्दाम उठायचो. नंतर फुटक्या बशीत थोडं दूध, त्यात रात्रीची भाकरी कुस्करलेली. झाला तिचा पगार. बाकीचं पोट तिनं कणगीतल्या उंदरांवर भरायचं, असा करार होता. शाळूची कणगी असलेल्या घरात मांजर नसेल तर ज्वारीपेक्षा लेंड्याच जास्त निघतात. माणसानं मांजर पाळलं असं आपण म्हणतो, पण गोष्ट उलटी असावी. माणूस धान्य साठवायला लागला, उंदीर आले, उंदरांमागं मांजर आलं आणि राहिलं. सायप्रस बेटावर सुमारे 9,500 वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलंय, त्यात माणसाशेजारी मांजर पुरलेलं आहे. म्हणजे कणगीची नि मांजराची ओळख आपल्या कुठल्याही पोथीपेक्षा जुनी.

मांजर पहाटेच का उठवतं, ह्याचं उत्तर अगदी साधं आहे. त्याची शिकारीची वेळ पहाटेची नि दिवेलागणीची. उंदीर तेव्हाच फिरतात. दिवसातले बारा-चौदा तास झोपणारं हे जनावर उजाडायच्या आधी ताजंतवानं असतं, आणि त्याच वेळी आपली झोप सर्वांत गोड असते. त्यात एकदा का उठलेल्या माणसानं बशीत काही टाकलं, की मांजराच्या डोक्यात हिशेब पक्का. हिला जागं केलं की खायला मिळतं. मोठी मांजरं एकमेकांशी फारसं म्यॅव करत नाहीत. ते पिल्लू आईशी करतं. मोठेपणी ती बोली मांजरानं राखून ठेवलीय ती आपल्यासाठी.

त्या घुरघुरीतल्या कळवळ्याचंही पुढं कुणीतरी शास्त्र केलं. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या कॅरेन मॅकोम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. खायला मागताना मांजर जे घुरघुरतं त्यात रडण्यासारखा एक उंच स्वर मिसळलेला असतो, आणि ज्यांनी कधी मांजर पाळलं नाही अशांनासुद्धा तो ऐकून घाई झाल्यासारखं वाटतं, असं त्यांना आढळलं. तान्ह्या मुलाच्या रडण्याशी त्याचं नातं असावं, असंही त्यांचं म्हणणं. मी हे आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मग? तुला काय वाटलं, मी मांजरासाठी उठती व्हय? तसलं रडं ऐकल्यावर बाईमाणसाला झोप लागती का?"

माझ्या पुण्याच्या घरात आता एक बोका आहे. लेकीनं आणलेला. तो कोरडे दाणे खातो, वाळूच्या ट्रेमध्ये विधी करतो, उंदीर त्यानं उभ्या जन्मात बघितलेला नाही. पण पहाटे पाचला तो लेकीच्या नाकावर पंजा ठेवतो तो थेट मनीसारखा. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी लेकीला सांगितलं, उठल्या उठल्या खायला देऊ नका, अंघोळ-चहा उरकून मग द्या. रात्री झोपताना पोटभर द्या. आणि पहाटे ओरडला तर अजिबात दाद देऊ नका. पहिले काही दिवस तो आणखी जोरात ओरडेल, मग गप होईल. त्यांनी एक गोष्ट बजावून सांगितली. मधेच एखाद्या दिवशी कंटाळून दिलंत तर सगळं मुसळ केरात. रोज मिळणाऱ्यापेक्षा कधीमधी मिळणाऱ्याची आस जास्त चिवट असते. आणि दूधही देऊ नका म्हणाल्या, मोठ्या मांजरांना ते सहसा पचत नाही. मनीला ते कधी बाधलेलं आम्ही पाहिलं नाही, पण डॉक्टरीणबाईंशी कोण वाद घालणार. लेकीनं सगळं पाळलं. दहाव्या दिवशी बोका गप झाला. मला मात्र त्या दहा दिवसांत सारखी 2013 सालची आई आठवत होती, कारण तिनं नेमकं ह्याच्या उलटं केलं होतं.

2012 चा पाऊस आमच्याकडं झालाच नाही म्हटलं तरी चालेल. खरीप तर गेलंच, शाळू पेरला तो गुडघ्याएवढा होऊन करपला. कडब्याची गंज दिवाळीतच संपली. पौषात विहिरीनं तळ दाखवला. गावात टँकर सुरू झाला, आणि संक्रांतीच्या पुढं-मागं जवळच्या गावाला चारा छावणी पडली. आमच्या भागातल्या लोकांना छावणी काय असते हे सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. मोकळ्या माळावर लोखंडी पाइपांवर नाहीतर मेढींवर हिरवं शेडनेट टाकायचं, खाली दावणी. रोज मोजून चारा मिळतो, तो बहुतेक ऊस नाहीतर उसाचं वाढं. पाण्याला टँकर. आणि प्रत्येक दावणीपाशी घरातलं एक माणूस रात्रंदिवस राहायला पाहिजे. माणसं तिथंच स्वैपाक करतात, तिथंच झोपतात, तिथंच भांडतात. काही ठिकाणी रात्री भजन असतं.

आमच्या दावणीला तेव्हा दोन म्हशी, एक रेडी नि एक म्हातारा खिलार बैल होता. म्हशी पंढरपुरी, खांद्याच्याही मागं गेलेल्या तलवारीसारख्या शिंगांच्या. त्यातली चांदी दुभती नि नुकतीच गाभण राहिलेली. दुसरी भाकड. छावणीत अण्णा गेले. घराला कुलूप लावून चालणार नव्हतं. टँकर कधी येईल त्याचा भरवसा नाही, आणि आला तेव्हा घरचं माणूस हंडा घेऊन उभं नसलं तर पाणी शेजारच्याचं. म्हणून आई घरी. दोघांचं लग्न होऊन सदतीस वर्षं झाली होती. त्यात इतके दिवस वेगळं राहायची ही पहिलीच वेळ.

म्हणजे घरात राहिली आई आणि मनी. गोठा रिकामा.

मनीला हे कुणी सांगितलं नव्हतं. ती चारला उठवायची ती उठवायचीच. आई मला फोनवर सांगायची, "आज बी उठीवलं बघ. गोठ्यात न्हेऊन दावलं तिला. बघ म्हटलं, हाय का कुठं म्हस? खुट्याचा वास घेतला, गव्हाणीत उडी मारून बघितलं, आन परत माझ्याकडं बघत बसली." मी म्हटलं, मग तू उठू नकोस, चार दिवसांत विसरेल. आई म्हणाली, "व्हय, न्हाई उठणार उद्यापास्नं." आणि दुसऱ्या दिवशी परत तेच.

मी एप्रिलमध्ये चार दिवस गेलो. घर बघून मला कसंतरी झालं. घाण नव्हती, उलट जास्तच स्वच्छ होतं. जनावरं नसलेलं आमचं घर मी कधी पाहिलंच नव्हतं. शेणाचा वास नाही, माश्या नाहीत, रवंथाचा आवाज नाही. चुलीपाशी एकच ताट पालथं. आई वाळली होती. शेजारच्या काकूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तुझी आय जेवत न्हाई बरं का. एक भाकरी थापती, अर्धी खाती, अर्धी मांजराला. एकट्यापुरता जाळ कशाला घालू म्हणती." संध्याकाळी सातलाच अंथरुणात पडायची म्हणे, आणि सकाळी उठायला काही कारणच नव्हतं. चारला कास ताठत नव्हती, सहाला कॅन जात नव्हता. उठवणारं कोण, तर मनी.

मी तिला पुण्याला चल म्हटलं. "टँकरचं काय?" म्हणाली. मी म्हटलं, तू इथं नसल्यावर पाणी लागतंय कुणाला. त्यावर ती थोडा वेळ गप बसली नि म्हणाली, "आन हिचं काय?" मनी तेव्हा उंबऱ्यावर बसून पाठ चाटत होती. मी हसलो. आई हसली नाही. मग मीही पुन्हा विषय काढला नाही.

रात्री मी आईशेजारी अंथरूण टाकलं. चारला घुरघुर ऐकू आली. मी डोळे मिटूनच पडलो. मिशा झाल्या, पंजा झाला. आई उठली. कंदील गेला होता, आता बॅटरी होती. दोघी गोठ्यात गेल्या. दारातनं मला दिसत होतं. आईनं गोठा झाडला. रिकामा गोठा, दगडी फरशी, एक काडी नाही, तरी झाडला. मग कोपऱ्यातली चरवी उचलून पदरानं पुसली नि परत पालथी घातली. तोवर मनी ठरलेल्या जागी, दोन हातांवर बसून होती. नंतर आईनं तीन हंडे घेतले आणि टँकरच्या जागी जाऊन रांगेत ठेवून आली. रांगेत पहिले हंडे रोज आमचेच असतात, हे मला नंतर कळलं. चारला उठणारं दुसरं कुणी नव्हतंच वाडीत. ज्यांच्या म्हशी छावणीत होत्या ती घरं सहापर्यंत झोपायची.

त्या दिवशी सकाळचा चहा कोराच होता. आयुष्यात पहिल्यांदा मी आमच्या घरात कोरा चहा पिलो. काही बोललो नाही, पण आईनं माझं तोंड बघितलं असणार. ती दुकानात गेली नि पदराखाली काहीतरी झाकून आली. दुधाची छोटी पिशवी होती. दार लोटून घेतल्यावरच तिनं ती पदराखालनं काढली.

हे ज्यांनी दूध घातलेलं नाही त्यांना कळायचं नाही. तीस वर्षं ज्या घरानं डेअरीला दूध घातलं, ज्या बाईच्या दुधाला फॅट कधी सातच्या खाली लागली नाही, तिनं पिशवीचं दूध विकत घ्यायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. दुकानदार काही परका नव्हता, सकाळी डेअरीत कॅन घेऊन यायचा तो पण. मी विचारलं, "पहिल्यांदाच आणलंस का?" आईनं कात्रीनं पिशवीचा कोपरा कापता कापता सांगितलं, की नाही, आधीपण आणलंय. पाच-सहा दिवसांतनं एकदा. मनीसाठी. "लई केकाटायला लागली की आणती. रोज कुठनं आणू? दुकानात सांगती पाव्हणं आल्यात." म्हणजे दर पाच-सहा दिवसांनी आमच्याकडं पाव्हणे येत होते, दुष्काळात, चहाला. मी पाठवत होतो ते पैसे ती अण्णांकडं पेंडेला देत होती. पिशव्या उधारीवर होत्या.

पिशवीतलं निम्मं माझ्या चहात गेलं, निम्मं बशीत. मनीनं आधी वास घेतला नि माझ्याकडं बघितलं. मग प्यायली. म्हशीच्या दुधाची तिला सवय, हे म्हणजे पाणीच.

पुण्याच्या डॉक्टरीणबाईंच्या हिशेबानं आई मांजराला बिघडवत होती. सहाव्या दिवशी एकदा बशी भरायची, म्हणजे मधल्या पाच दिवसांचं केकाटणं आपणच पक्कं करायचं. शास्त्राला धरूनच आहे ते. आईला हे कळत नव्हतं असं मला वाटत नाही. जनावरं वळवण्यात तिचा जन्म गेला होता. तिला मनीनं गप व्हायला नको होतं, एवढंच.

तिकडं छावणीत अण्णांचा वेगळाच घोर चालला होता. चांदी त्यांना पान्हा सोडेना. पहिल्या दिवशी लाथ मारून चरवी सांडली, दुसऱ्या दिवशी दूध वर चढवून धरलं. म्हशीला हात ओळखीचा लागतो, वास ओळखीचा लागतो. शेवटी छावणीतल्या एका म्हाताऱ्यानं अण्णांना जुनाच उपाय सांगितला, आणि आईकडं निरोप आला की तुझं एक वापरलेलं पातळ लावून दे, धुतलेलं नको. आईनं दिलं. अण्णा, सहा फूट उंच नि मिशावाले, पहाटे ते हिरवं पातळ अंगाभोवती गुंडाळून, डोक्यावर पदर घेऊन चांदीच्या कुशीला बसू लागले. छावणीतली पोरं बघायला जमायची. "वैनी, आज फॅट किती लागली?" असं एक टारगट रोज विचारायचं. अण्णा मान वर करत नसत. चांदीनं थोडा तरी पान्हा सोडला, महिनाभर तरी दूध चाललं. मग उसाच्या वाढ्यावर नि उन्हात ते आटलंच. गाभण जनावर, त्याला किती ओढणार.

दूध आटल्यावर पातळ घरी आलं, धुवायला. मी त्या चार दिवसांत होतो तेव्हाचीच गोष्ट. छावणीत जाऊन येणाऱ्या एकानं पिशवी दारात ठेवली. आईनं पातळ काढून दगडावर टाकलं आणि साबण आणायला आत गेली. बाहेर आली तर मनी पातळावर. नुसती बसली नव्हती. नाक खुपसून, पुढच्या दोन पायांनी कणीक तिंबल्यासारखी ते तिंबत होती, डोळे मिटून. चांदीच्या कासेचा, शेणाचा, दुधाचा सगळा वास त्या पातळात होता. अण्णांच्या विडीचाही होता. आई साबण हातात घेऊन तिथंच टेकली. बराच वेळ दोघी तशाच. मग आई मला म्हणाली, "आज नगं धुवायला. पाणी बी कमीच हाय." पाण्याचे तीनही हंडे सकाळीच भरले होते, मी स्वतः आणले होते.

ते पातळ पुढं पाऊस पडेपर्यंत धुतलं गेलं नाही. रात्री ते आईच्या उशाशी असायचं आणि मनी त्याच्यावर.

पाऊस 2013 ला चांगला झाला. जूनमध्येच ओढे वाहिले. छावणी मोडली आणि अण्णा जनावरं घेऊन आले. चार नेली होती, तीन आणली. भाकड म्हैस त्यांनी मे महिन्यात बाजारात काढली होती नि आईला सांगितलं नव्हतं. आईनं वेशीवरूनच मोजलं. तिनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, जनावरांच्या पायांवर पाणी घातलं, आणि अण्णांना त्याबद्दल एक शब्द विचारला नाही. रात्री जेवताना मात्र म्हणाली, "किती आलं तिचं?" अण्णांनी आकडा सांगितला. "बरं," एवढंच.

पण दूध नव्हतंच. चांदी आटलेली, व्यायला अजून चार-पाच महिने. मनीचं उठवणं चालूच होतं. आता गोठ्यात चांदी होती, आई होती, चरवी होती, आणि धार नव्हती. मनी चांदीच्या मागच्या पायांशी जाऊन बसायची आणि आईकडं बघायची. आई तिला समजावून सांगायची, "आगं, पोटुशी हाय ती. थांब दिवाळीपतोर." एखाद्या लहान पोराला सांगावं तसं. अण्णा कूस बदलत अंथरुणातनं ओरडायचे, "तिला कॅलेंडर टांगून दे."

दिवाळीत मी घरी होतो. पाडव्याच्या आदल्या रात्री चांदी व्याली, रेडी झाली. पहिला चीक निघाला तो दाट, पिवळाजर्द. खरवस करून आईनं वाडीतल्या घराघरांत वाटला, काही घरी तर दुष्काळानंतरचा तो पहिलाच. मनीला चीक दिला नाही, पोट बिघडेल म्हणून. ती संतापून कणगीवर जाऊन बसली. चार दिवसांनी दूध निवळलं, आणि पहाटे आईनं पहिला सड तिच्याकडं वळवला. वर्षभरात तिची झेलायची सवय मोडली होती. तार थेट डोळ्यात गेली. मनी शिंकली, मागं सरली, आणि मग मिशा चाटत परत जागेवर येऊन बसली. दुसऱ्या खेपेला तोंड उघडलेलं होतं.

दुधाचं पहिलं दहा दिवसांचं बिल झालं तेव्हा आई दुकानात उधारी भागवायला गेली. मी परत पुण्याला निघालो होतो, एसटीला वेळ होता, म्हणून बरोबर गेलो. दुकानदारानं लांबट वही काढली, अंगठ्याला थुंकी लावून पानं उलटली. आमच्या खात्यावर तेल, साखर, चहापत्ती, काडेपेटी, आणि त्यांच्या अधेमधे, फेब्रुवारीपासून जूनपर्यंत, एकच नोंद पुन्हा पुन्हा होती. "मांजर, 1 पिशवी." कुठंही पाव्हणे नव्हते. त्यानं एक अक्षर न बोलता बेरीज केली. 23 पिशव्या. आई वहीकडं बघत होती, तो पाटीकडं. आईनं पदराची गाठ सोडली, पैसे मोजून ठेवले, आणि मग एका नोंदीवर बोट ठेवून म्हणाली, "ही एक मांजराची न्हवं. त्या दिशी खरंच पाव्हणा आला हुता. ह्यो काय, हिथं उभा हाय."

दुकानदारानं माझ्याकडं बघितलं, पेन उचललं, "मांजर" खोडलं आणि त्याच्यावर माझं नाव लिहिलं.